चौरागड चढायचा तर सासूबाईंना पुढे ठेवा

आमच्या बचत गटातल्या मी धरून अकरा बायका आणि अडुसष्ट वर्षांच्या माझ्या सासूबाई, अशा बारा जणी मागच्या जानेवारीत पचमढीजवळचा महादेवाचा डोंगर, चौरागड, चढून आलो. कोणाचा पाय मुरगळला नाही, कोणाला भोवळ आली नाही, आणि दुपारी एकला खाली बसून सगळ्यांनी भाकर-ठेचा खाल्ला. तेव्हापासून वरुड तालुक्यातल्या चार-पाच गावांतून फोन येऊन राहिले. "ताई, आमालेबी जायचं हाये, कसं करू?" फोनवर तेच तेच सांगून घसा बसला, म्हणून आता लिहूनच ठेवते.

याच्या आधीची माझी चौरागडाची आठवण काही चांगली नाही. लग्नाच्या दुसऱ्या वर्षी सासरच्या मंडळींसोबत महाशिवरात्रीला गेले होते. निर्जळी उपास, पाय अनवाणी, मागून-पुढून माणसांचा रेटा. तरणी होते, दणादण चढले. उतरताना अर्ध्या वाटेत डावा गुडघा असा धरला की उरलेल्या पायऱ्या बसून-बसून, लुगडं घासत उतरले. पायाच्या दोन्ही अंगठ्यांची नखं काळी पडून गळाली. घरी आल्यावर आठ दिवस उकिडवं बसता येईना, आणि तेव्हा आमच्याकडे कमोड-बिमोड काही नव्हता. पुढचं सांगत नाही.

तर या डोंगराबद्दल मला एकच गोष्ट सांगायची आहे, बाकी सगळं तिच्याच पोटात येतं. चौरागड चढताना कोणी मोडत नाही, मोडतात ते उतरताना. म्हणून चढताना अर्धा जीव, अर्धं पाणी आणि दोन्ही गुडघे उतरणीसाठी राखून ठेवायचे. आणि ते राखायचे असतील तर सगळ्यांत हळू चालणारीला सगळ्यांत पुढे ठेवायचं. आमच्यात ती जागा आत्याबाईंची, म्हणजे माझ्या सासूबाईंची.

ज्यांना ठाऊक नाही त्यांच्यासाठी थोडंसं. चौरागड सातपुड्यात, मध्यप्रदेशातल्या पचमढीजवळ आहे. जिल्हा पूर्वीचा होशंगाबाद, आताचा नर्मदापुरम. शिखर समुद्रसपाटीपासून 1300 मीटरच्या थोडं वर. शेजारचा धूपगड 1350 मीटरचा, तो सातपुड्यात सर्वांत उंच, पण तिथे गाडी वरपर्यंत जाते, त्यामुळे त्याचं कौतुक फोटोपुरतं. चौरागडाला पायच लागतात. पचमढी गावापासून दहाएक किलोमीटरवर बडा महादेवाची गुहा आहे, तिथपर्यंत गाडी. तिथून पुढे साडेतीन-चार किलोमीटर पायी, आणि त्यातल्या पायऱ्या तेराशेच्या आसपास. मी तीनदा मोजायला घेतल्या आणि तिन्ही वेळा चारशेच्या पुढे कोणीतरी बोलायला लागलं.

पचमढी 1857 मध्ये कॅप्टन फोर्सिथ नावाच्या इंग्रजाने शोधली असं पुस्तकात असतं. गोंड-कोरकूंचा महादेव तिथे त्याच्याही आधी होता, म्हणजे शोध कोणासाठी लागला ते आपण समजून घ्यायचं. आपल्याकडे तर वऱ्हाड-नागपूरच्या गावागावांतून महादेवाला जायची चाल आहे. नवस फेडायला खांद्यावर त्रिशूळ घेऊन जातात आणि वर देवाला वाहतात. मोर्शी तालुक्यात सालबर्डीला महादेवाचं भुयार आहे, त्याला आपण छोटा महादेव म्हणतो. भस्मासुर मागे लागला तेव्हा देव त्या भुयारातून पचमढीला निघाले, असं आमच्या घरी सांगतात. देवाला भुयार होतं. आपल्याला पांढुर्णा, छिंदवाडा, परासिया, तामिया, मटकुली असं सगळं फिरून जावं लागतं.

कधी जायचं

नवस महाशिवरात्रीचाच असेल तर वाद नाही, जा. पण पहिल्यांदा जाणाऱ्यांनी, म्हाताऱ्या माणसांनी आणि लेकरं असलेल्यांनी जत्रेच्या गर्दीत जाऊ नये, हे माझं स्पष्ट मत. गर्दीत आपला वेग आपल्या हातात राहत नाही. थांबावंसं वाटलं तरी मागचा थांबू देत नाही. नोव्हेंबरच्या मध्यापासून फेब्रुवारीच्या सुरुवातीपर्यंत जा. संत्र्याचा आंबिया बहार उतरून झाला की आमच्याकडे हाताला जरा उसंत मिळते, म्हणून आम्ही जानेवारी धरला. पहाटे दात वाजतात एवढी थंडी असते, पण चढायला थंडीच बरी. पाऊसकाळात पायऱ्यांवर शेवाळ धरतं, तेव्हा जाऊ नका. एप्रिल-मे मध्ये पचमढी थंड असते म्हणतात, ती झाडाखाली. उघड्या दगडावर नाही.

महिनाभर आधी

एका महिन्यात कोणी पैलवान होत नाही, पण पोटऱ्यांना खबर लागते. आम्ही रोज सांजच्याला स्वयंपाकाच्या आधी गावच्या तलावाच्या पाळीवर चढ-उतार करायचो. पहिल्या आठवड्यात पाच वेळा, मग वाढवत वाढवत वीस. लोकांनी हसून घेतलं. एक बुवा म्हणाले, "तळ्यात काही हरपलं का व बायांनो?" आता त्यांचीच बायको पुढच्या खेपेच्या यादीत आहे.

पाळीवर चढण्यापेक्षा उतरण्याकडे लक्ष द्या. उतरताना मांडीचा पुढचा भाग काम करतो, आणि शेतात वाकून निंदणाऱ्या बाईची कंबर कितीही घट्ट असली तरी मांडीच्या त्या भागाला तशी सवय नसते. आणखी एक सोपी गोष्ट: स्वयंपाकघरातला पाट घ्या, एका पायाने त्यावर चढा आणि दुसरा पाय हळूच, आवाज न करता खाली टेका. धप्पकन टेकला तर ती धडक गुडघ्याने खाल्ली. प्रत्येक पायाने पंधरा वेळा. आत्याबाई हे भाजी शिजेपर्यंत करायच्या.

शेवटच्या रविवारी सालबर्डीला जाऊन भुयारापर्यंत चढून आलो. जिला तिथे धाप लागून छातीत जड वाटलं, तिला डॉक्टरकडे पाठवलं. बी.पी. निघालं. ती त्या खेपेला आली नाही, पुढच्या खेपेला येईल.

पायात काय, अंगावर काय

आपल्याकडचा डोंगर काळ्या दगडाचा. चौरागडाचा दगड वेगळा, तो वालुकाश्म, म्हणजे वाळू दाबून-दाबून झालेला. माझा मुलगा अमरावतीला भूगर्भशास्त्र शिकतो. तो सांगतो की आपला काळा दगड साधारण साडेसहा कोटी वर्षांपूर्वीच्या लाव्ह्याचा, आणि पचमढीचा वालुकाश्म वीस कोटींहून जुना. मला त्यातलं कामाचं एवढंच: हा दगड झिजतो आणि त्याची वाळू पायरीवर पडून राहते. कोरड्या पायरीवर मोहरीचे दाणे सांडावेत तशी. घसरायला पाणी लागत नाही. माझा भाचा असाच उड्या मारत उतरत होता, त्याचं मनगट मोडलं. पाऊस नव्हता, काही नव्हतं.

म्हणून रबरी तळाचे, खोल रेघा असलेले कापडी बूट घ्या. बाजारात तीन-चारशेला मिळतात, भारी कंपनीचे नकोत. पण अर्धा अंगूळ मोठे घ्या आणि महिनाभर पाळीवर तेच घाला. उतरताना पाय बुटात पुढे सरकतो आणि बोटं टोकावर आदळतात. माझी नखं अनवाणी गेली, पण तंग बुटातही तशीच जातात. जायच्या दोन दिवस आधी पायाची नखं कापा. बोटांच्या मध्ये आणि टाचेला खोबरेल तेल चोळून मग मोजे. स्लीपरवर येणाऱ्या बाईला मी गाडीतच बसू देत नाही.

अनवाणी चढायचा नवस असेल तर? आत्याबाईंचा होता. आम्ही गावच्या महाराजांना विचारून तोड काढली: बूट घालून चढायचं, आणि देऊळ दिसायला लागलं की शेवटच्या पायऱ्या अनवाणी. महाराज म्हणाले, देव समजून घेते. तुमच्या महाराजांचं मला माहीत नाही. पण पूर्ण अनवाणी जाणार असाल तरी बूट पिशवीत ठेवाच, कारण दहा-साडेदहानंतर तो दगड तापतो आणि उतरायचं तेव्हाच असतं.

साडीचं म्हणाल तर पाचवारीच्या निऱ्या पायात येतात. चढताना त्या एका हाताने धरता येतात, उतरताना तो हात काठीला लागतो. आमच्यातल्या सहा जणी पंजाबी ड्रेसवर आल्या, चार जणींनी साडीच आखूड नेसून खाली लेकीचा सलवार घातला. आत्याबाई आणि आणखी एक काकू नऊवारीत, कासोटा मारून. खरं सांगू, सगळ्यांत मोकळ्या त्या दोघीच चालल्या.

काठी प्रत्येकीला हवी. बांबूची, कमरेपेक्षा वीतभर उंच, खालच्या टोकाला सायकलच्या ट्यूबचा तुकडा बांधलेला. नुसता बांबू दगडावर सटकतो. अंगावर दोन पातळ कपडे आणि वरून स्वेटर. एकच जाड शाल घेऊ नका. चढताना ती काढली की घाम गार होतो आणि घातली की उकडतं.

पोटात काय

निर्जळी उपास करून चढू नका. ज्यांना साखर आहे त्यांनी तर मुळीच नाही. यावर घरोघरी भांडणं होतात, मला माहीत आहे. आम्ही जत्रेच्या दिवशी गेलोच नाही, त्यामुळे भांडण आपोआप मिटलं. तुमचा उपास असलाच तर शेंगदाण्याचा लाडू, राजगिरा, गूळ, केळ हे सगळं चालतं, ते थोडं थोडं खा. सकाळची बी.पी.-साखरेची गोळी चुकवू नका. साखरेची गोळी घेऊन उपाशी चढणं मात्र सगळ्यांत वाईट, त्यापेक्षा डॉक्टरांना आधी विचारून घ्या.

पाणी माणशी दोन लिटर. वाटेत दुकानं असतात, चहा-लिंबूपाणी मिळतं, पण बिगरजत्रेच्या पहाटे ती उघडी असतीलच असं नाही. मी दोन बाटल्या करते: एक साधं पाणी, एकीत घरचं मीठ-साखरेचं. एक लिटर पाण्याला चहाचे सहा चमचे सपाट साखर आणि अर्धा चमचा मीठ, लेकराला जुलाब झाल्यावर अंगणवाडीत सांगतात तेच. चव घेऊन पाहा, डोळ्यांतल्या पाण्यापेक्षा खारट लागायला नको. दर पंधरा-वीस मिनिटांनी दोन घोट. तहान लागेपर्यंत थांबून मग गटागटा अर्धी बाटली प्यायली की पोटात डुचमळतं. वर पोचल्यावर निम्मं पाणी उरलं पाहिजे. उरलं नसेल तर आपण घाईने चढलो.

खायला फुटाणे, गूळ, आणि आपली संत्री. संत्र्याचं एक आहे: सोलल्याबरोबर माकडांना वास जातो. तिथली माकडं पिशवीची चेन उघडतात, हे मी डोळ्यांनी पाहिलं. प्लॅस्टिकची पिशवी हातात लटकवून चालूच नका, सगळं पाठीवरच्या पिशवीत. माकडाने काही धरलं तर ओढाताण न करता सोडून द्या, चावलं तर गाठ दवाखान्याशी आणि रेबीजच्या सुयांशी. सालं परत पिशवीत. संत्र्याच्या गावच्या बायकांनी देवाच्या डोंगरावर सालं फेकली तर कसं दिसतं.

त्रिशूळ न्यायचा असेल तर

हे कोणी नीट सांगत नाही, आणि खरे जखमी यानेच होतात. हातभर लांबीचा त्रिशूळ काही नाही, तो पिशवीला आडवा बांधा आणि टोकांना जुन्या कापडाच्या गुंडाळ्या करा. पुरुषभर उंचीचा असला की गोष्ट वेगळी. माझ्या मामेसासऱ्यांनी बरेच त्रिशूळ नेले, त्यांची रीत अशी:

खांद्यावर चुंबळ ठेवायची, पाण्याच्या घागरीला करतो तशीच पण जाड. दांडा तोलून त्याचा मध्य त्या चुंबळीवर. टोकं मागे ठेवली तर पायऱ्या चढताना ती बरोबर मागच्या माणसाच्या तोंडासमोर येतात, कारण मागचा आपल्यापेक्षा खाली असतो. म्हणून टोकं पुढे आणि वर, आणि तरीही प्रत्येक टोकावर कापड आणि त्यावर सुतळी. त्रिशूळवाल्याच्या मागे चार-पाच पायऱ्या रिकाम्या सोडायच्या. वळणावर तो माणूस आवाज देईल, तो दिल्याशिवाय वळायचं नाही, कारण पुढचं टोक त्याच्या आधी वळतं. दर शंभर पायऱ्यांना खांदा बदला, थकल्यावर नव्हे, आधीच. दोघांनी मिळून न्यायचा तर सारख्या उंचीचे दोघे, नाहीतर बुटका असेल तो वरच्या बाजूला.

वर पोचल्यावर ते सगळे त्रिशूळ पाहिले की बोलणंच बंद होतं. हजारोंनी आहेत. लहान-मोठे, गंजलेले, नवे चकचकीत, एकमेकांवर रेललेले. प्रत्येक त्रिशूळ कोणाच्या तरी घरचा. लेकरू झालं, खटला सुटला, विहिरीला पाणी लागलं.

पण तेवढंच लोखंड एका उघड्या टोकावर उभं आहे, हेही विसरू नका. आभाळ भरून आलं, गडगडलं, तर दर्शन राहिलं तरी चालेल, लगेच खाली या. वीज दिसल्यापासून गडगडाट ऐकू येईपर्यंत मोजा, तीसच्या आत आवाज आला तर वीज जवळ आहे. खांद्यावरचा त्रिशूळ जिथे असेल तिथे आडवा ठेवून द्या. एकट्या उंच झाडाखाली उभं राहू नका. शेतात आपण जे लेकरांना सांगतो तेच इथेही.

चढायचा दिवस

आदल्या दिवशी दुपारी निघून रात्री पचमढीत मुक्काम. तामियाच्या पुढे घाटात वळणं आहेत, ज्यांना गाडी लागते त्यांना पुढे बसवा आणि दुपारी पोटभर जेवू देऊ नका. मुक्कामाच्या ठिकाणी जीपवाल्याशी रात्रीच बोलून भाडं ठरवा, आणि ते जाऊन-येऊन आहे का, थांबायचे किती तास, हे सगळ्यांसमोर वदवून घ्या. आमच्याशी एकाने सकाळी वेगळाच भाव काढला. आम्ही बारा जणी एकदम बोलायला लागल्यावर तो जुन्या भावावर आला.

अंधारात निघू नका. हे सातपुडा व्याघ्र प्रकल्पाचं जंगल आहे, अस्वल-बिबट्या आहेत, आणि अस्वलाशी पहाटे समोरासमोर गाठ पडण्यात काही पुण्य नाही. उजाडलं की बडा महादेवाचं दर्शन घेऊन चालायला लागा. आम्ही पावणेसातला चालायला लागलो. दुपारी बारा ही परतायची वेळ ठरवली होती: बाराला जिथे असू तिथून मागे, देऊळ समोर दिसत असलं तरी. ही गोष्ट खालीच सगळ्यांकडून कबूल करून घ्यावी लागते, वर कोणी ऐकत नाही.

रांग अशी: सगळ्यांत पुढे आत्याबाई, त्यांच्या मागे एक धडधाकट बाई, मग बाकीच्या, सगळ्यांत मागे मी. पुढचीला ओलांडायचं नाही. सुरुवातीला दोन तरुण सुना कुरकुरल्या, "असं चाललो तं संध्याकाळ होईन." आत्याबाई मागे न पाहता म्हणाल्या, "तुमाले घाई हाये तं तुमी पुढचा डोंगर चढा, हा माहा हाये." त्यानंतर कोणी बोललं नाही.

वेग बरोबर आहे की नाही, त्याची आमची खूण म्हणजे गप्पा. चालता चालता गावातल्या लग्नाची गोष्ट सलग सांगता आली पाहिजे. वाक्य मधेच तुटायला लागलं की वेग कमी करा. सगळ्या एकदम गप्प झाल्या की मी मागून आवाज देते, "काहून व, काय झालं?" आणि दोन मिनिटं उभ्याने थांबतो. बसायचं नाही. सारखं सारखं बसलं की पाय आखडतात आणि उठताना जास्त दम जातो. पूर्ण बसणं वाटेत फक्त दोनदा.

पहिला टप्पा जंगलातला, सावलीचा, तिथे घाई होते. खऱ्या पायऱ्या लागल्या की पाऊल असं टाका: पूर्ण तळवा पायरीवर, टाच अधांतरी नको. वरचा पाय ठेवला की मागचा गुडघा क्षणभर सरळ करून वजन हाडावर सोडा, मग पुढचं पाऊल. पाहणाऱ्याला वाटेल नवरी चालली. पण त्या क्षणभरात मांडीला आराम मिळतो, आणि हजारावर पायऱ्यांचे हजारावर आराम होतात. पायऱ्या उंच-ठेंगण्या आहेत, म्हणून उंच पायरीला सरळ न भिडता तिरपं चढा. जिथे कठडा आहे तिथे तो धरा, पण त्यावर रेलून फोटो काढू नका.

कड्यांच्या कपारीत आग्या मोहोळ असतं. वाटेत उदबत्ती-धूप पेटवू नका, दगड मारू नका, अंगाला अत्तर नको. माशा उठल्याच तर पदराने तोंड झाकून वाटेने सरळ लांब निघून जा, हात झटकत उभ्या राहू नका, आणि दरीकडे तर पळूच नका. माशीचा काटा रुतला तर नखाने खरवडून काढा.

छातीत दाबल्यासारखं, डाव्या हातात किंवा जबड्यात कळ, गार घाम, असं काही झालं तर तो थकवा समजू नका. तिथेच बसवा, एक पाऊलही चढवू नका, आणि दोघींना खाली मदतीला पाठवा. मोबाईलला सगळीकडे रेंज नसते. चुकामुकीसाठी आमचा नियम होता, जी मागे राहील ती जागेवरच थांबेल, शोधायला आम्ही येऊ.

आम्हाला वर पोचायला दोन तास चाळीस मिनिटं लागली. आत्याबाईंनी शेवटच्या पायऱ्यांआधी बूट काढून माझ्या हातात दिले, एवढ्या वर्षांत पहिल्यांदाच त्यांचे जोडे मी धरले असतील. दर्शन झालं, चारी बाजूंना सातपुड्याच्या रांगा पाहिल्या, आणि पाऊण तासात निघालो. वर त्याहून जास्त थांबू नका. घाम वाळतो, वारा लागतो, स्नायू थिजतात.

उतरताना

आता खरा डोंगर सुरू होतो. निघण्याआधी बुटाच्या नाड्या सोडून पुन्हा बांधा, घोट्याजवळ घट्ट, म्हणजे पाय पुढे सरकत नाही. काठी आधी खालच्या पायरीवर, मग पाऊल. गुडघा थोडा वाकलेलाच राहू द्या, सरळ ताठ पाय टेकला की दणका वर कंबरेपर्यंत जातो. उंच पायरीला आडवं व्हा, खेकड्यासारखं, आणि दहा-दहा पायऱ्यांनी बाजू बदला म्हणजे एकाच गुडघ्यावर भार येत नाही. पायरीच्या झिजलेल्या मधल्या भागापेक्षा कडेला वाळू कमी आहे का ते पाहत चला. बोलायचंच असेल तर पाय थांबवून बोला; चढताना गप्पा चांगल्या, उतरताना नाही.

आणि रांग तीच. उतरताना तरुण पाय मोकाट सुटतात, म्हणून तर आत्याबाई पुढे. मांड्या थरथरायला लागल्या की ती सूचना समजा: पाच मिनिटं बसा, मीठ-साखरेचं पाणी, गुळाचा खडा. पोटरीत गोळा आला तर पाय लांब करून पंजा आपल्याकडे ओढा, चोळाचोळी नंतर. आम्ही उतरताना चार वेळा बसलो, चढताना दोनदाच बसलो होतो. वेळ जवळजवळ चढण्याएवढाच लागला, आणि तसाच लागला पाहिजे.

खाली आल्यावर लगेच गाडीत बसू नका. दहा मिनिटं सपाटीवर रेंगाळा, मग जेवा. परतीच्या रस्त्यात ड्रायव्हरला तासातासाने गाडी थांबवायला सांगा आणि प्रत्येक वेळी सगळ्यांनी उतरायचं. आम्ही परासियाला थांबलो, त्यानंतर झोपेच्या नादात छिंदवाडा सोडून सरळ पांढुर्ण्यालाच गाडी थांबली. चहाला उतरलो तेव्हा आत्याबाई सोडून एकीलाही सरळ चालता येत नव्हतं. त्या म्हणे मागच्या सीटवर सारखे पंजे हलवत बसल्या होत्या.